खाडीकाठची शेती : बांध, उघाडी आणि राखण
(रेडिओवरील भाषणाचा मजकूर)

आज मी बोलणार आहे ते खाडीकाठच्या शेतकऱ्यांशी. पेण, अलिबाग, पनवेल, रोहा, म्हसळा या भागात ज्यांची शेतं खाडीच्या पाण्याला लागून आहेत, त्यांच्याशी. वरकस जमिनीवाल्यांनी ऐकलं तरी हरकत नाही, पण विषय आहे खारेपाटाचा.

खाडीकाठची जमीन ही गंमतीची जमीन आहे. मोठ्या उधाणाला पाणी तुमच्या शेतापेक्षा उंच उभं असतं. मधे असतो तो फक्त मातीचा बांध. बांध आहे म्हणून भात आहे. बाकी बियाणं, खत, औषध या सगळ्या त्यानंतरच्या गोष्टी. म्हणून आज बियाण्याबद्दल शेवटी थोडंसं बोलेन. आधी बांध आणि उघाडी.

सुरुवातीला माझीच एक चूक सांगतो. मी नोकरीला लागून तीनचार वर्षं झाली होती. कॉलेजात बी.एस्सी.ला खार जमिनीचं रसायनशास्त्र शिकलो होतो, पण बांधावर पाय क्वचित ठेवलेला. ज्येष्ठी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी एका गावात गेलो होतो. एक म्हातारे शेतकरी, त्यांना आपण नाना म्हणू, मला हाताला धरून बांधावर घेऊन गेले. शेताकडच्या बाजूला, पायथ्यापासून हातभर वर, एक ओलसर डाग दाखवला. म्हणाले, "सायेब, बांधाला घाम आलाय. अष्टमीला दहा माणसं मिळाली तर दोन दिवसांत काम आटपंल."

मी काय सांगितलं असेल? मी म्हटलं, "नाना, हे मोठं काम आहे. अर्ज करा, सातबाराचे उतारे जोडा, सगळ्यांच्या सह्या घ्या, मी स्वतः पुढे पाठवतो." नानांनी मान डोलावली. गावकऱ्यांनी सह्या गोळा केल्या. सह्या गोळा होत असताना अष्टमी आली आणि गेली. अमावास्येला दुपारी उधाण, वरून पाऊस आणि नैर्ऋत्येचा वारा असे तिन्ही एकत्र आले. त्या ओल्या डागाच्या जागीच बांध बसला आणि खांड पडली. दोन भरत्यांत खांड वीस हात रुंद झाली. साठ-सत्तर एकरांत खारं पाणी फिरलं. रोपं बुडाली. त्या वर्षी भाताचा दाणा घरात आला नाही.

अर्ज करू नका असं मी म्हणत नाही. अर्ज कराच. पण अर्ज हा बांधावरचा चिखल नव्हे, आणि नानांनी अष्टमीच का म्हटलं होतं ते मला त्या वेळी कळलं नव्हतं. तेच आज तुम्हाला सांगतो. पुष्कळांना ठाऊक असेल. पण घरातली तरुण मुलं आता कारखान्यात, पनवेल-मुंबईला जातात, त्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं. हे पत्रक त्यांच्याही हातात द्या.

आपल्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायला घड्याळ लागत नाही, पंचांग लागतं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. जो आकडा येईल त्या वाजता भरती पुरी होते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमी असेल तर आठची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. दिवसातून दोनदा भरती, म्हणून दुपारी तीन तसे पहाटेही साधारण तीन. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. खाडीच्या तोंडापासून जितके आत जाल तितका उशीर होतो. कुठे अर्धा तास, कुठे त्याहून जास्त. तो फरक एकदा आपल्या उघाडीवर उभं राहून बघायचा आणि लक्षात ठेवायचा.

आता बघा. पौर्णिमा-अमावास्येला आणि त्यानंतरचे एकदोन दिवस उधाण, म्हणजे पाणी सर्वांत जास्त चढतं आणि सर्वांत जास्त उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे पाणी कमी चढतं, त्याचा ओढही कमी. आणि अष्टमीला भरती सकाळ-संध्याकाळ सहाला असली तर ओहोटी कधी? दुपारी बाराला. म्हणजे पाणी कमी, ओढ कमी, आणि ओहोटी भर दिवसा. खांड बुजवायला, बांधाच्या पायथ्याशी काम करायला यापेक्षा चांगला दिवस पंधरवड्यात दुसरा नाही. भांगाचे तीनचार दिवस हातचे गेले की पुढचं उधाण ठरलेलं. नाना हेच सांगत होते. मी सह्या मागत होतो.

आणखी एक गोष्ट. पावसाळ्यात मोठं पाणी दिवसा येतं, दुपारच्या भरतीला. थंडीच्या दिवसांत दोन भरत्यांपैकी मोठी ती रात्रीची. म्हणून पावसाळ्यातली खांड डोळ्यांदेखत पडते आणि मार्गशीर्ष-पौषातली खांड सकाळी उठल्यावर दिसते. भात कापून झालं की बांधाकडे कुणी फिरकत नाही. त्याच वेळी रात्रीचं उधाण येऊन पाणी आत घेतं. ते पाणी तिथेच सुकतं आणि मीठ जमिनीत राहतं. तेव्हा राखण ही बारमाही आहे, पावसाळ्यापुरती नाही.

बांधावर जायचं केव्हा आणि बघायचं काय?

जायचं उधाणाच्या भरतीला, पाणी पुरं चढलेलं असताना, आणि बघायचं शेताकडच्या बाजूला. ओहोटीला कोरडा बांध बघून काही कळत नाही. बाहेर पाणी उभं असताना आतल्या बाजूला ओल, झिरप, बुडबुडे कुठे दिसतात ते बघा. पाणी नितळ झिरपत असेल तर काम भांगापर्यंत थांबू शकतं, पण नजर ठेवा. पाणी गढूळ येत असेल तर ते आतली माती घेऊन येतंय. ते थांबत नाही. त्याच दिवशी माणसं जमवा. त्या जागी काठी रोवून वर चिंधी बांधा, म्हणजे ओहोटीला जागा शोधत बसावं लागत नाही.

खेकड्यांची आणि उंदरांची बिळं हे बांध फुटण्याचं मोठं कारण. बीळ दिसलं की वरून चिखलाचा गोळा थापून लोक मोकळे होतात. तोंड बंद होतं, आतली पोकळी तशीच राहते. बीळ शेवटापर्यंत उकरा, भलेही हात-दोन हात जावं लागेल. मग ओलसर चिकणमाती थोडी थोडी घालून काठीने ठासत या. वरचा तोंडाचा भाग धुम्मसाने बसवा. उन्हाळ्यात खाडीचा चिखल सुकून भेगा पडतात. त्या वैशाखात भरून घ्या, कारण पहिल्या पावसाचं पाणी भेगेत शिरलं की बांध आतून फुगतो आणि कड सुटते.

मातीबद्दल एक अगदी साधी सूचना, पण ती पाळणारे कमी. बांधावर घालायची माती बांधाच्या पायथ्यातून खणू नका. सोपं पडतं म्हणून आपण तिथेच फावडं मारतो. बांध वर हातभर उंच होतो आणि खाली हातभर पोकळ होतो. निदान दहा-पंधरा फूट अंतर सोडून माती काढा. माती वीतभर थराने घाला, प्रत्येक थर ठोका. एकदम घमेल्यांनी ढीग ओतलेला बांध पहिल्याच पावसात बसतो. खाडीकडची बाजू उभी ठेवू नका. उंचीच्या तिप्पट पसरट उतार असावा, आतल्या बाजूला दुप्पट चालतो. उभ्या कडेवर लाट आपटते, पसरट उतारावर ती चढून दमते. आतल्या उतारावर हरळी लावा. नारळ, आंबा असली मोठी झाडं बांधावर नकोत. झाड वाऱ्याने हललं की मुळाभोवती माती सुटते, आणि मेलं की मुळाच्या जागी नळी तयार होते.

गुरांना आणि आता मोटारसायकलींना बांध हा रस्ताच वाटतो. त्यांना अडवणं कठीण. त्यापेक्षा एका ठिकाणी दगडमातीचा पक्का उतार करून तिथूनच चढउतार ठेवा. होडी लावायचा धक्काही जमलं तर तिथेच. दहा ठिकाणी होड्या ओढल्या की दहा ठिकाणी बांधाची कड मोडते.

बांधाची उंची किती असावी असं मला नेहमी विचारतात. फुटपट्टीने सांगता येणार नाही. उघाडीजवळ एक वासा रोवा आणि प्रत्येक मोठ्या उधाणाला पाणी कुठे आलं तिथे खूण करा. वर्षातली सर्वांत वरची खूण जिथे असेल तिच्यापेक्षा बांधाचा माथा हात-दीड हात वर असावा, तो कुठेही त्याहून खाली असू नये. कुठेही, असं म्हणतोय. पाणी सरासरी उंची बघत नाही. ते सखल जागा शोधतं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा पौर्णिमा दोनच दिवसांवर होती. असं वादळ आणि उधाण एकत्र आलं तर जुन्या खुणा कामाला येत नाहीत, पण रोजच्या उधाणाला तरी बांध उणा पडता कामा नये.

आता उघाडी. बांध जर भिंत, तर उघाडी म्हणजे दार, आणि घर बहुतेक वेळा दारातूनच लुटलं जातं. उघाडीची झडप बाहेरच्या बाजूला उघडते. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर जातं, भरतीला खाडीचं पाणी तिला दाबून बंद करतं. माणसाला हात लावायची गरज नाही, अशी ही सोपी युक्ती आहे. पण झडपेच्या फटीत एक ओंडका, एक प्लास्टिकची बाटली, गोणपाटाचा एक तुकडा अडकला की दार किलकिलं राहतं आणि रात्रभर खारं पाणी आत येतं. पावसाळ्यात रोज एका माणसाने ओहोटीला जाऊन झडप साफ केलीच पाहिजे. पाळी लावा. झडपेच्या कडेचं रबर किंवा लाकूड झिजलं असेल, बिजागरी गंजली असेल तर ती चैत्रातच बदला. उघाडीच्या बाजूने, जिथे दगडी बांधकाम आणि माती एकत्र येतात, तिथे झिरप हटकून लागते. तिथली माती दरवर्षी उकरून पुन्हा ठासावी लागते.

आणि आता जरा अवघड बोलतो. काही ठिकाणी झडप आपोआप उघडी राहत नाही, ती ठेवली जाते. भरतीच्या पाण्याबरोबर मासे-कोळंबी आत यावी आणि ओहोटीला उघाडीच्या तोंडाशी लावलेल्या जाळ्यात सापडावी, म्हणून झडपेत लाकूड घालून ठेवतात. मासे खाणाऱ्यांत मीही आहे. पण एका माणसाच्या चार किलो कोळंबीसाठी पन्नास घरांचं भात खारं होतं. गोव्यात खाजन शेतीत या दाराला मानस म्हणतात. तिथे मानशीतले मासे धरण्याचा हक्क लिलावाने देऊन तो पैसा बांधासाठी वापरायची जुनी रीत आहे. तक्रारी तिथेही होतात, पण हक्क कुणाचा आणि जबाबदारी कुणाची हे निदान ठरलेलं असतं. आपल्याकडेही गावाने बसून ठरवावं. मासे धरायला हरकत नाही. फक्त ओहोटीला, बाहेर जाणाऱ्या पाण्यातच धरायचे. झडपेला लाकूड लावायचं नाही.

इतकं करूनही खांड पडलीच तर? पहिली गोष्ट, घाबरून दोन्ही टोकांकडून माती ढकलत मधे येऊ नका. तोंड अरुंद होत जातं तसा पाण्याचा जोर वाढतो आणि मधला तळ खरवडून डोह होतो. भांगाच्या ओहोटीला खांडीच्या सबंध रुंदीत बांबूच्या मेखांच्या दोन रांगा ठोका. त्यांना आडव्या कामट्या बांधा, मधे पेंढा, झुडपं आणि चिखलाच्या ढेपा असे थर भरा. तळ सगळीकडे सारखा वर आणत जा आणि शेवटचा हात एकाच ओहोटीत, सगळी माणसं लावून पुरा करा. मधे डोह आधीच पडला असेल तर डोहाशी झगडू नका. त्याला चंद्रकोरीसारखा आतून वळसा घालून उथळ जागेवरून नवा तुकडा बांधा. दोनचार गुंठे जातील, बाकीची जमीन राहील.

सरकारी खारभूमी योजनेतला बांध असेल तर खारभूमी खात्याला खांडीची खबर त्याच दिवशी द्या, फोटो काढून ठेवा, तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. खासगी बांध असेल तरी पंचनामा कराच. पण पहिल्या भांगाची वाट खात्याने बघावी अशी अपेक्षा ठेवू नका. अलिबागकडे पूर्वी जोळ म्हणून पद्धत होती. घरटी माणूस बांधावर यायचा. १९३३ ते १९३९ असा सहा वर्षं चाललेला चरीचा शेतकरी संप ज्या जमिनींवर झाला त्या याच खारेपाटातल्या. आज नोकरीमुळे ज्याला येता येत नाही त्याने एक दिवसाची मजुरी द्यावी. हिशोब वहीत लिहावा. वही एकाच घरात दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवू नये.

खांड वेळेवर का बुजवायची याचं आणखी एक कारण आता झालं आहे, आणि ते पुष्कळांना उशिरा कळतं. खारं पाणी रोज आत-बाहेर होऊ लागलं की त्याबरोबर तिवराचं बी येतं. दोनतीन वर्षांत गुडघाभर रोपं उभी राहतात. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली कांदळवनं तोडायला राज्यभर बंदी कायम केली. ती जमीन कुणाच्या मालकीची आहे, याने त्यात फरक पडत नाही. म्हणजे सातबारा तुमच्या नावे, आणि उभं आहे ते जंगल. नानांच्या गावात खालच्या अंगाला आज तेच झालं आहे. त्यांनी मला विचारलं, "सायेब, आता ह्यात नांगर कसा घालायचा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून तिवराचा राग धरू नका. बांधाच्या बाहेर, खाडीच्या अंगाला उभे असलेले तिवर, कांदळ, चिपी हे तुमचे फुकटचे राखणदार आहेत. लाटेचा मार ते आधी आपल्या अंगावर घेतात आणि गाळ धरतात. जिथे बाहेरचे तिवर सरपणासाठी तोडले, तिथे बांधाची कड आधी ढासळली, हे मी चारपाच गावांत पाहिलं आहे. बांध दुरुस्तीच्या आड झाडं येत असतील तर परवानगी घेऊनच हात लावा. आणि जुना बांध दुरुस्त करणं वेगळं, खाडीत पुढे सरकून नवा बांध घालणं वेगळं. दुसऱ्या कामाच्या भानगडीत परवानगीशिवाय पडू नका.

आता जमिनीबद्दल, थोडक्यात. भात कापल्यावर जमीन उघडी पडली की खालचं खारं पाणी वर चढतं, सुकतं आणि माघ-फाल्गुनात जमिनीवर पांढरं फूल दिसतं. कापणीनंतर पेंढा शेतावर पसरून ठेवला तर हे पुष्कळ कमी होतं. सगळा पेंढा विकू नका. पहिल्या पावसाचं पाणी अडवून ठेवायची घाई नको. ते मीठ विरघळवून घेतं, त्याला ओहोटीला उघाडीतून जाऊ द्या. असं दोनतीनदा धुतल्यावर मग गोडं पाणी बांधून चिखलणी करा. जुनी माणसं पाणी जिभेला लावून सांगतात. ती परीक्षा वाईट नाही. रोपं वरच्या गोड्या जमिनीत तयार करा, लावणीला थोडी जून घ्या, एका चुडात चारपाच काड्या ठेवा. रहू टाकणाऱ्यांनी धुणं झाल्याशिवाय मोड आलेलं बी टाकू नये. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राच्या पनवेल १, पनवेल २ आणि पनवेल ३ या जाती खारेपणा सोसणाऱ्या आहेत. जिप्समच्या पोती मात्र शेजाऱ्याने टाकली म्हणून टाकू नका. आधी माती तपासून घ्या. जिथे नुसतं मीठ आहे तिथे पाऊस आणि उघाडी हेच औषध.

सखल कोपऱ्यात पाणी तुंबतच असेल तर तिथे भाताशी हट्ट न करता तळं खणा. अलिबाग-पेणकडे अशा तळ्यांत जिताडा वाढवतात, त्याला भावही चांगला येतो. निघालेली माती बांधाच्या कामी येते. घराजवळच्या विहिरीतून चैत्र-वैशाखात पंपाने एकदम उपसा करू नका. गोडं पाणी वरचा थर असतो, तो संपला की खालून खारं चढतं आणि ते पुन्हा लवकर उतरत नाही.

हे पत्रक तुमच्या हातात पडेल तेव्हा फाल्गुन चालू असेल. फाल्गुनी पौर्णिमेला किंवा दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळी बांधावर एक फेरी मारा, ओल्या जागी चिंध्या बांधा. वद्य अष्टमीला दुपारी बाराला ओहोटी आहे. त्या दिवशी माणसं किती मिळतील ते आजच विचारून ठेवा. मला कळवलंत तर मीही येईन, आणि या वेळी सह्यांचा कागद घेऊन नव्हे.